कागदावर मेलेला देकुई

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, पितर आणि बेवारशी आत्मे जेवायला येतात त्या दिवशी, सकाळीच चांगलिन मास्तर काखोटीला सुतकाच्या पांढऱ्या कापडाचं गाठोडं मारून थोरल्या भावाच्या अंगणात शिरले. गुइझी तेव्हा भोपळा कापत होती. दिराच्या काखेतलं पांढरं तिने पाहिलं आणि तिची सुरी थांबली. या घराने सहा महिने सरकारपासून जे मिळून झाकून ठेवलं होतं, त्याला आज तोंड फुटणार हे तिला कळलं. धक्काबिक्का काही बसला नाही. नुसता कंटाळा आला, एवढा की वाटलं, सुरी ठेवावी आणि इथेच अंगणात आडवं व्हावं.

"वहिनी, हे सुनेसाठी," मास्तर गाठोडं ठेवत म्हणाले. "तालुक्याहून आलंय. आपल्या भागातल्या तेरा घरांना दिलंय, फुकट."

"फुकट!" गुइझी म्हणाली. "सरकारचं मन मोठं हो."

"टोमणे नंतर मारा. संध्याकाळी नदीकाठी सभा आहे. तालुक्याचा कारकून येतोय. बुडालेल्यांची नावं मी वाचणार. मग ज्याने त्याने आपल्या माणसाला हाक मारायची, दिवा सोडायचा. देकुईच्या बायकोने हे अंगावर घालून पुढे उभं राहायचं."

देकुईची बायको, हेहुआ, चुलीपाशी ज्वारीची पेज ढवळत होती. आणि ज्याच्या नावाने तिने पांढरं घालायचं तो देकुई उंबऱ्याशी बसून त्याच पेजेचा दुसरा वाडगा संपवत होता. तो ओरपायचा थांबला.

गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट होती ही. गेल्या साली भाद्रपदाच्या सुमाराला फ्रेंचांसाठी मजूर भरणारे दलाल शहरात आले, तेव्हा नाव दिलं ते देकुईने. अंगठा त्याचा, डॉक्टरने छाती ठोकून बघितली ती त्याची. आठ दिवसांनी निघायचं होतं. त्या आठ दिवसांत गुइझीचं मन फिरलं. ती जेवताना एवढंच म्हणाली, "थोरला गेला तर पितरांना कोण बघणार? आणि ही पोर पोटुशी. धाकट्याला जाऊ दे." धाकटा एकोणीस वर्षांचा. तो हसला आणि म्हणाला, "चला, बोट तरी बघायला मिळेल." नाव बदलायचं तर पुन्हा रांग, पुन्हा डॉक्टर, आणि तोवर जागा भरून जायची. आपल्याकडे अशा वेळी माणूस बदलतात, कागद बदलत नाहीत. परक्या साहेबाला काय, लुआन आडनावाचे सगळे सारखेच.

मग नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात ती बोट दूरच्या कुठल्याशा समुद्रात जर्मनांनी पाण्याखालून फोडली. पाचशेच्या वर आपली माणसं बुडाली. वसंतात गावच्या चावडीवर यादी वाचून दाखवली, आणि यादीत नाव होतं, लुआन देकुई.

धाकट्याचं शाळेतलं नाव देयोंग, पण त्या नावाने त्याला कधी कोणी हाक मारली नाही. त्याच्या आधीची दोन लेकरं गुइझीच्या मांडीवर गेली होती, म्हणून याचं नाव तिने मुद्दाम हलकं ठेवलं. कौशंग. कुत्र्याने खाऊन उरवलेला. वाईट वाऱ्याने नाव ऐकावं, नाक मुरडावं आणि पुढच्या घरी जावं. एकोणीस वर्षं ते नाव पुरलं.

"मी नाही घालणार," हेहुआ म्हणाली. तिने डाव इतक्या जोरात आपटला की पाठीवरची आठ महिन्यांची पोर दचकली. "नवरा समोर बसून पेज ओरपतोय आणि मी त्याच्या नावाने पांढरं घालू? काका, तुम्ही चार बुकं शिकलात ती हेच सांगायला?"

"लोकांना दाखवण्यापुरतं गं."

"लोकांचं सोडा. आज कोणता दिवस आहे? आज खाली मेलेल्यांच्या जगाची दारं उघडी असतात. शंभर दिवे लावून तुम्ही याचं नाव वाचणार, आणि तीनदा 'ये' म्हणून हाक मारायची. आणि आले न्यायला, तर? तिथलेही कारकूनच असणार. तुमच्यासारखे कागद बघतील, तोंड नाही बघणार!"

"अडाणीपणा आहे हा."

"मग दिवे कशाला सोडताय? तो शहाणपणा का?"

मास्तरांनी वहिनीकडे पाहिलं. या घरात कोणालाही उत्तर सुचलं नाही की तो गुइझीकडे बघायचा; तीस वर्षं हेच चाललं होतं. तिने भोपळ्याचा गर काढून अर्धी कवटी पालथी घातली.

"भाऊजी," ती म्हणाली, "बसा आधी. एक सांगा मला. हे पंधरा दिवस तुम्ही चावडीवर कंठशोष करताय, देश युद्धात उतरला, देश युद्धात उतरला. कशासाठी उतरला?"

मास्तर खुलले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. "आपल्या माणसांसाठी, वहिनी! निरपराध मजूर बुडवले त्यांनी. आपण खलिता पाठवला, त्यांनी दाद दिली नाही. आपण संबंध तोडले. आता उघड युद्ध. इंग्रज, फ्रेंच आपले दोस्त."

"मग आपला पोरगा बुडायच्या आधी का नाही उतरलो?"

"तेव्हा आपण तटस्थ होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाच्याच बाजूने नाही."

"मग कौशंग कोणाच्या बाजूने बुडाला?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पन्नाशीचा माणूस, पाच कोसांत त्याच्याइतकं वर्तमानपत्र कोणी वाचत नसे, आणि बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, त्यामुळे घरी वाद घालायला कोणी नाही. ते जरा हळू आवाजात बोलले.

"खरं ऐकायचंय? इथून तीन दिवसांच्या वाटेवरचं चिंगदाओ बंदर जर्मनांनी घेतलं होतं. जपान्यांनी ते त्यांच्याकडून हिसकावलं. आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही, घर आपलं असून. उद्या लढाई संपेल, सगळे एका मेजाभोवती बसतील. जो लढलाच नाही त्याला तिथे खुर्ची कोण देणार? खुर्ची नाही तर बंदर नाही. म्हणून उतरायचं."

"म्हणजे बुडालेली माणसं हे सांगायचं कारण. बंदर हे खरं."

"कारणं नेहमी दोन असतात, वहिनी. एक सांगायचं, एक असायचं."

गुइझीला स्वतःचं काहीतरी आठवलं, पण ते दिराला सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या छपरातून चांगथाई बाहेर आला. गुइझीचा नवरा, साठीला टेकलेला. सरकारने पुरुषांच्या वेण्या कापायचा हुकूम काढून पाच वर्षं झाली तरी याने आपली वेणी डोक्याभोवती गुंडाळून टोपीखाली जपलेली. हातात ज्वारीच्या धाटांची अर्धवट चटई होती. दिवसभर तो चटया विणायचा. विकायला नेत नसे, नुसता विणून रचून ठेवी.

"कशाचा गोंधळ?" त्याने विचारलं.

"संध्याकाळचं सांगतोय, दादा. नदीवर..."

"कोण मेलंय?"

पुन्हा तेच. गुइझीने डोळे मिटले. हे संभाषण तिला पाठ होतं.

"यादीत कोणाचं नाव आहे?" चांगथाई म्हणाला.

"देकुईचं," मास्तर म्हणाले.

"हा कोण बसलाय?"

"देकुई."

"जिवंत आहे?"

देकुईने मान खाली घातली. "जिवंत आहे, बाबा."

"मग कागद खोटा. आणि खोट्या कागदावर विसंबून मी माझा पोरगा मारू होय? कौशंगचं नाव कुठल्या कागदावर आहे का? नाही. म्हणजे कौशंग मेलेला नाही. तिकडे कुठेतरी खंदक खणत असेल. त्याला पत्र लिहिता येत नाही, आळशी आहे लेकाचा." तो चटई घेऊन परत छपराकडे वळला. "तुमच्या सभेला मी येणार नाही. बाप मुलासाठी दिवा सोडत नसतो, आणि जिवंत मुलासाठी तर कोणीच नाही."

त्याच्या बोलण्यात चूक काढायला गेलं तर सापडत नसे, हीच तर पंचाईत होती. आपणच केलेल्या लबाडीच्या आडोशाला म्हातारा जाऊन बसला होता आणि तिथून तो हलायला तयार नव्हता. गुइझीला त्याची चीड यायची, आणि हेवाही वाटायचा.

मग ती उठली. आत जाऊन तिने कपाटाच्या तळातून निळ्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणली आणि ओट्यावर सोडली. आत कौशंगची वेणी होती. काळी, जाड, टोकाला लाल दोरा. भरतीच्या छावणीत नाव पुकारताच साहेबांनी सगळ्यांच्या वेण्या कापल्या, तेव्हा पोचवायला गेलेल्या देकुईने ती उचलून घरी आणली होती.

"मला माझ्या पोराला घरी आणायचंय," ती म्हणाली. "सहा महिने झाले, तो पाण्यात आहे. कोणी हाक मारलेली नाही. मारली ती चावडीवर, ती दुसऱ्याच्याच नावाने. तो कशाला वळून बघेल? आज सगळे आत्मे वाटेला लागतात. आज नाही आला तर कुठल्या तरी परक्या किनाऱ्यावर लोकांच्या उष्ट्यावर जगेल. मला तीन माणसं लागतात. हाक मी मारेन. वेणी हातात धरून ओ द्यायला भाऊ लागतो. आणि घरी आल्यावर उंबऱ्याआतून 'आला' म्हणायला घरचा कर्ता लागतो. त्याने 'आला' म्हटल्याशिवाय आत्मा आत येत नाही. बोला, कोण कोण आहे?"

"वहिनी, तिथे कौशंगचं नाव घेतलंत तर कारकून विचारणार, हा कोण? मग सगळं बाहेर पडेल. सरकारला फसवलं म्हणून देकुईला नेतील. मलाही. नाव कळवताना सही माझी आहे." मास्तरांचा आवाज चिरकला. "मी कागदावर आहे तेच वाचणार. कागद म्हणजे कागद."

"देकुई?"

देकुई वेणीकडे बघत होता. सहा महिने हा गडी दोन माणसांचं काम करत होता आणि चार वाक्यं बोलत होता. कोणी सरकारी माणूस आला की तो देयोंग व्हायचा. त्याला धाकट्याचं नाव लावून घ्यावं लागायचं, आणि दर वेळी त्याचे कान लाल व्हायचे.

"माझ्याने आवाज फुटायचा नाही, आई," तो म्हणाला आणि उठून गेला.

नवऱ्याला तिने विचारलंच नाही. छपरातून धाटं मोडल्याचा आवाज येत होता.

दुपारी गुइझी भोपळ्याच्या कवटीत तेल ओतून वात बसवत होती, तेव्हा हेहुआ येऊन शेजारी टेकली. बराच वेळ ती पोरीच्या तळव्यावरची धूळ पुसत बसली.

"आई, मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय येतं माझ्याकडे बघताना," ती शेवटी म्हणाली. "मी पोटुशी नसते तर धाकटे भाऊजी गेले नसते."

"तू काय केलंस? पोटुशी राहणं हा काय गुन्हा?"

"मग माझ्याशी नीट का बोलत नाही? सहा महिने 'मीठ दे', 'पाणी आण', याखेरीज काही नाही."

गुइझीने वात पिळली. हे कधीतरी कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि सुनेला सांगावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुझे काका सकाळी म्हणाले ना, कारणं दोन असतात. माझीही दोन होती. पितर सांगितले, तुझं पोट सांगितलं. ते सांगायचं कारण. खरं म्हणजे देकुई दोघांचं काम करतो. आणि कौशंग? दुपारी झोपायचा, बांधावर रातकिडे धरत बसायचा, त्यांच्या झुंजी लावायचा. मला वाटलं, शेताला हा हवा, तो नसला तरी चालेल." ती थांबली. "तो नसला तरी चालेल, असं मी मनात म्हटलं, पोरी. आईने. आणि तो हसत गेला."

हेहुआने तिचा हात धरला नाही, काही नाही. ती म्हणाली, "आमच्या लग्नात भाऊजींनी माझ्या पालखीत रातकिडा सोडला होता. मी सगळी वाट किंचाळत आले."

"तो त्यानेच सोडला होता?"

"मग कोणी!"

दोघी हसल्या. हसणं फार टिकलं नाही, पण हसल्या. मग हेहुआने गाठोडं सोडलं आणि पांढरा अंगरखा झटकला.

"मी घालते. पण भाऊजींसाठी घालते. यांच्यासाठी नाही. आणि यांचं नाव मी माझ्या कानावर पडू देणार नाही, तेवढं माझं मी बघते."

संध्याकाळी नदीकाठी गावोगावचे लोक जमले होते. कणसं भरून ज्वारी दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेली, मधून वाट. काठावर तेरा घरांचे लोक पांढऱ्यात उभे, आणि प्रत्येकापुढे भोपळ्याचा नाहीतर वांग्याचा दिवा, धाटांची होडी, होडीत नाव लिहिलेली पट्टी. लुआनांच्या होडीतल्या पट्टीवर मास्तरांच्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं, लुआन देकुई. आणि त्या होडीमागे देकुई उभा होता, आपलंच नाव वाचत. निळं फडकं त्याच्या हातात गुइझीने निघताना कोंबलं होतं, आणि तो नाही म्हणाला नव्हता.

कारकून तरुण होता, शहरी बूट घातलेला. तो खूप वेळ बोलला. राष्ट्राची शान, न्याय, दोस्त राष्ट्रं, तहाचं मेज. "या वीरांनी आपल्या देशाला झोपेतून उठवलं," तो म्हणाला. शेजारच्या गावची एक म्हातारी गुइझीच्या कानाशी लागली, "माझ्याला तर उठवता उठवता नऊ वाजायचे." गुइझीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाय दुखत होते. भाषण संपावं आणि काय व्हायचं ते होऊन जावं, एवढंच तिला वाटत होतं.

मास्तर यादी घेऊन पुढे आले. त्यांचा आवाज खणखणीत, नदीपलीकडे जाईल असा. एकेक नाव पडू लागलं, एकेक घर हाक मारू लागलं. घरी ये, घरी ये. ज्वारीतून वारा जात होता. अकरावं नाव झालं. बारावं झालं. मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि श्वास घेतला, आणि त्याच क्षणी हेहुआने पाठीवरच्या पोरीच्या मांडीला असा चिमटा काढला, की पोरीने आकाश डोक्यावर घेतलं. मास्तरांनी नाव वाचलं, अगदी कागदावर होतं तसंच, पण त्या टाहोत कोणालाच धड ऐकू गेलं नाही. लोक हळहळले. "बाप गेल्याचं कळतं हो लेकरांना," कोणीतरी म्हणालं, आणि कारकुनाने रुमाल काढला. हेहुआ पोरीला थोपटत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

गुइझी पुढे झाली. पाण्यात घोट्याएवढी उतरली. होडी ढकलायच्या आधी तिने नावाची पट्टी हळूच उपसून बाहीत सारली. मग दोन्ही हात तोंडाशी धरले.

"कौशंग! ए कौशंग! घरी ये रे!"

बाकीच्या हाका थांबल्या. कारकुनाने यादीत पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

"हे कोणतं नाव? लुआन देकुई ना इथे?"

मास्तर कागदावरच्या नावावर बोट ठेवून उभे होते. गुइझीला दिसत होतं. तीस वर्षं ती या माणसाला ओळखत होती. कागदापुढे हा कधी कोणाचा झाला नव्हता, बायकोचाही नाही. तिने मनातल्या मनात देकुईला निरोपसुद्धा देऊन टाकला.

"ते घरचं नाव, साहेब," मास्तर म्हणाले. "लहानपणचं." त्यांनी कागदाची घडी घातली. "आमच्याकडे आई घरच्या नावानेच बोलावते. शाळेतलं नाव मेलेल्याला आठवत नाही म्हणतात. अडाणीपणा आहे, पण आईला कोण शिकवणार?"

"नाही नाही, राहू दे, राहू दे," कारकून ओशाळून म्हणाला.

घरचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुइझीने पुन्हा हाक मारली. ओ आली नाही. पाण्याचा आवाज, पोरीचे हुंदके. तिसरी हाक मारायची तिची छातीच होईना. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही तर पुढच्या सालापर्यंत थांबायचं, असा रिवाज.

"कौशंग! थंडी वाजत असेल रे! घरी ये!"

"आलो, आई."

तिच्या पाठीमागून. दोघा भावांचा आवाज अगदी एकसारखा, हे ती विसरूनच गेली होती. इतके दिवस देकुई बोलत नव्हता तो यासाठीच की काय, कोण जाणे. ती वळली नाही. वळायचं नसतं, आणायला गेलेल्याने मागे बघितलं की मागून येणारा वाट चुकतो. ती पाण्यातून निघाली आणि सरळ ज्वारीतल्या वाटेला लागली. मागून वेणी उराशी धरून देकुई, त्याच्या मागे हेहुआ, आणि जरा अंतर ठेवून, कारकुनाच्या चहाला न थांबता, मास्तर.

"कौशंग, दगड आहे हं इथे."

"आलो, आई."

"पूल आहे. मधली फळी मोडकी आहे, ठाऊक आहे ना?"

"आलो."

"शेजारच्या वानांच्या कुत्र्याला भिऊ नको. म्हातारं झालंय ते."

"आलो, आई." देकुईचा आवाज आता फाटत होता, पण थांबत नव्हता. उजेड उरला होता तोवर ते अंगणाशी पोचले. नदीच्या वळणावर दिवे जाताना दिसत होते, पण तिने पाहिलं नाही.

घराचं दार उघडं होतं. आत चूल पेटलेली नव्हती. चांगथाई उंबऱ्याआत बाकावर बसला होता, मांडीवर चटई, हात रिकामे. गुइझी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पाय ओले, चिखलाने भरलेले.

"उंबरा आहे, कौशंग," ती म्हणाली.

"आलो, आई."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या मागे बघत होता, देकुईच्या हातातल्या निळ्या फडक्याकडे. लाल दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

"अहो," ती म्हणाली. "आला का?"

मास्तर अंगणात पोचले आणि जागीच थांबले. हेहुआने पोरीचं तोंड खांद्यात दाबून धरलं.

"आला का हो?" गुइझीने पुन्हा विचारलं. ती फार दमली होती. तिला वाटलं, हा नाही म्हणाला तर मी इथेच उभी राहीन. सकाळपर्यंत, पुढच्या सालापर्यंत. आत जाऊन करायचंय काय?

म्हाताऱ्याने चटई मांडीवरून काढली आणि भिंतीला लावून ठेवली. टोपी काढली. पांढरी वेणी खांद्यावर घसरली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आला," तो म्हणाला. "आला गं. पार भिजून आलाय. घे त्याला आत."